कोपऱ्यातल्या तीन पट्ट्या

प्रश्न : पुण्यात नुकत्याच पाहिलेल्या क्विल्टांच्या, म्हणजे गोधडीसारख्या थर शिवून केलेल्या कापडकामाच्या, एका प्रदर्शनात हात-दीड हाताच्या छोट्या ‘मॉडर्न’ क्विल्टांची एक स्वतंत्र भिंत होती. एकीवर सगळे साधे राखाडी कापड आणि खालच्या कोपऱ्यात तीन पिवळ्या पट्ट्या, एवढेच. हे काम अपुरे राहिले आहे असे वाटले. माझे मत चुकीचे आहे का? आईच्या जुन्या सुती लुगड्यांतून असे काही करून भिंतीवर लावता येईल का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : काम अपुरे नाही, मात्र ते पाहायचे तर पट्ट्यांवरची नजर काढून राखाडी कापडावर न्यावी लागते. वरचा थर, मधले भरण आणि खालचे अस्तर यांना एकत्र धरून ठेवणारी शिवण हाच क्विल्टचा प्राण आहे. छापील कापडांच्या गर्दीत ही शिवण लपून जाते, पण एकरंगी मोकळ्या जागेत तिचा एकेक टाका उघडा पडतो. अशा क्विल्टवर पुष्कळदा पाव इंचाच्या किंवा त्याहूनही कमी अंतराने समांतर टिपा मारलेल्या असतात. समोरून त्या जेमतेम दिसतात, बाजूने उजेड पडला की नांगरलेल्या शेतासारख्या उठून येतात. आकार लहान असल्याने वाकडी गेलेली एक ओळही लपवता येत नाही. प्रदर्शनात हात लावू देत नाहीत याचा राग मानू नये, कारण हाताचा तेलकटपणा कापडात उतरतो. हातमोजे घातलेल्या स्वयंसेवकांना विनंती केली तर ते कोपरा उलटून मागची बाजू दाखवतात, आणि खरी परीक्षा तिथेच होते.

क्विल्ट चित्राप्रमाणे भिंतीवर पाहण्याची सवय लावण्यात न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयातील १९७१ च्या प्रदर्शनाचा मोठा वाटा आहे. पुढे २००२ मध्ये अलाबामातील जीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या क्विल्ट संग्रहालयांतून मांडल्या गेल्या. त्यांतल्या कित्येक झिजलेल्या कामाच्या कपड्यांतून, थंडी निभावण्यासाठी शिवलेल्या होत्या आणि तरीही त्यांची मांडणी कमालीची धीट होती. आपल्या गोधडीची गोष्ट याहून फार वेगळी नाही. फरक इतकाच, की तिला आपण भिंतीवर टांगण्याऐवजी माळ्यावर टाकले.

आता आपल्या लुगड्यांविषयी. लुगड्याचे फिके अंग ही आयती मोकळी जागा आहे आणि काठ ही आयती पट्टी आहे, म्हणून सगळे काठ एकत्र जोडण्याचा मोह टाळून एखादाच काठ, तोही मध्यापासून दूर, बसवून पाहावा. आधी पांढरे ओले फडके दाबून रंग जातो का ते तपासावे आणि विरलेल्या भागामागे मलमल टाचावी. भरण पातळ हवे, कारण दीड फुटाच्या चौकोनात जाड कापूस घातला की क्विल्टची उशी होते. तिन्ही थर कच्च्या धावदोऱ्याने टाचून मगच मधून कडेकडे शिवत जावे. गोधडीत टाके कडेपासून आत आत फिरतात, आणि हाताने शिवणार असाल तर तीही रीत चालेल. मशिनवर मात्र त्या रीतीने कापड मध्यभागी गोळा होते. गोट, म्हणजे कड झाकणारी पट्टी, लावताना ती ताणू नये, नाहीतर कड आत ओढली जाते आणि क्विल्ट भिंतीवर सपाट बसत नाही.

टांगण्यासाठी खिळे किंवा टाचण्या नकोत. मागे वरच्या दोन्ही कोपऱ्यांत घडी घातलेल्या कापडाचे त्रिकोण गोटातच शिवून घ्यावेत आणि त्यांत बांबूची चपटी काठी अडकवावी. आकार दोन फुटांपुढे गेला तर त्रिकोणांऐवजी वरच्या कडेला कापडाची सलग नळी शिवावी. जागा निवडताना थेट ऊन आणि पावसाळ्यात ओल धरणारी भिंत तेवढी टाळावी.