‘पहिली’ गगनचुंबी इमारत की ‘आद्य’?

प्रश्न असा आहे : शिकागो शहरात १८८५ साली उभी राहिलेली होम इन्शुरन्स बिल्डिंग अवघी दहा मजली, म्हणजे सुमारे ४२ मीटर उंच होती. तिचा उल्लेख मराठीत ‘जगातील पहिली गगनचुंबी इमारत’ असा करणे योग्य आहे काय, की ‘गगनचुंबी’च्या जागी ‘टोलेजंग’ किंवा ‘बहुमजली’ असा मवाळ शब्द योजावा? माझ्या मते ‘गगनचुंबी’ हा शब्द तसाच राहू द्यावा. फेरविचार करायचा तो ‘पहिली’ या शब्दाचा.

‘गगनचुंबी’ हा उपपद तत्पुरुष समास आहे आणि त्याच्या अर्थात कोणतेही माप दडलेले नाही. उंच वास्तूचे असे वर्णन करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. कालिदासाने अलकानगरीतील प्रासादांच्या शिखरांना ‘अभ्रंलिह’, म्हणजे मेघांना चाटणारी, म्हटले आहे, तेव्हाही त्या प्रासादांचे मजले कोणी मोजले नव्हते. वास्तू आकाशाला भिडते ती पाहणाऱ्याच्या नजरेत, आणि ती नजर भोवतालच्या घरांच्या उंचीला सरावलेली असते. इंग्रजीतील ‘स्कायस्क्रेपर’ या शब्दाचा प्रवासही याच वाटेने झाला. तो आधी जहाजाच्या डोलकाठीवरील सर्वांत वरच्या शिडासाठी वापरात होता, उंच घोड्याला आणि उंच माणसालाही लावला जात होता, आणि १८८० च्या दशकात अमेरिकेत तो इमारतींना चिकटला. अशा सापेक्ष शब्दाला आजच्या शंभर मजल्यांची कसोटी लावून जुन्या इमारतीकडून तो काढून घेणे अन्यायाचे होईल.

‘टोलेजंग’ने मात्र काम भागणार नाही. त्या शब्दात उंचीपेक्षा विस्तार आणि भारदस्तपणा अधिक आहे. दुमजली वाडाही टोलेजंग असू शकतो. ‘बहुमजली’ हा शब्द अचूक आहे, परंतु तो नगरपालिकेच्या नोंदवहीत शोभतो. त्यात विस्मय नाही, आणि या इमारतींच्या इतिहासातून विस्मय वगळला तर फार थोडे उरते. ‘गगनभेदी’ हा शब्द मराठीने घोषणा आणि गर्जना यांच्यासाठी राखून ठेवला आहे, तो तसाच राहावा.

आता ‘पहिली’. उंची हा निकष मानला, तर होम इन्शुरन्स बिल्डिंगचा दावा टिकत नाही. शिकागोतच तिच्या आधी माँटॉक ब्लॉक ही दहा मजली इमारत झाली होती, आणि न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चचे १८४६ साली पूर्ण झालेले शिखर जवळपास दुप्पट, ८५ मीटर उंच होते. लिफ्ट हा निकष मानला, तर मान न्यूयॉर्कच्या इक्विटेबल लाइफ बिल्डिंगकडे जातो, कारण कार्यालयांसाठी बांधलेल्या त्या इमारतीत १८७० सालीच माणसांची ने-आण करणाऱ्या लिफ्ट होत्या. विल्यम ले बॅरन जेनी या स्थापत्यकाराने होम इन्शुरन्स बिल्डिंगमध्ये जे साधले ते वेगळेच होते : त्याने इमारतीचा बराचसा भार भिंतींवरून काढून लोखंडाच्या आणि पोलादाच्या सांगाड्यावर टाकला. याचे महत्त्व कळण्यासाठी त्याच शहरातील मोनॅडनॉक बिल्डिंग पाहावी. तिचा १८९१ साली पूर्ण झालेला सोळा मजली उत्तर भाग वीटकामाच्या भिंतींवर उभा आहे आणि तळाशी त्या भिंती सुमारे सहा फूट जाड ठेवाव्या लागल्या. इमारत जितकी उंच, तितकी खालची भिंत जाड आणि तितकी वापरायची जागा कमी, या कोंडीतून सांगाड्याने वाट काढली. तथापि जेनीच्या इमारतीतही काही भार दगडविटांच्या भिंतींवरच होता, त्यामुळे ‘संपूर्ण सांगाड्याची पहिली’ असे म्हणण्यालाही आक्षेप घेता येतो.

येथे मराठीपाशी ‘आद्य’ हा फार चांगला शब्द आहे. ‘पहिला’ ही क्रमवाचक संख्या आहे. त्या स्थानी एकच जण बसू शकतो आणि तारखांचा पुरावा द्यावा लागतो. ‘आद्य’मध्ये आरंभ करणाऱ्याचा मान आहे. मुकुंदराजांना आद्यकवी म्हणताना त्यांच्यापूर्वी मराठीत कोणी एक ओळही रचली नव्हती, असा आपला दावा नसतो. शिवाय ‘आद्य’ अनेकवचनात सहज नांदतो. शिकागोची होम इन्शुरन्स, न्यूयॉर्कची इक्विटेबल, सेंट लुईसमधील १८९१ ची वेनराइट बिल्डिंग या तिन्ही ‘आद्य गगनचुंबी इमारती’ ठरतात आणि कोणाचेही नाव खोडावे लागत नाही. म्हणून मी असे वाक्य सुचवीन : ‘होम इन्शुरन्स बिल्डिंग ही धातूच्या सांगाड्यावर उभ्या राहिलेल्या आद्य गगनचुंबी इमारतींपैकी एक होय.’

अशा वाक्याने शिकागोकरांच्या अभिमानाला उणेपणा येतो, असे मला वाटत नाही. (याला ‘स्थानिक अभिमान’ म्हणण्यापेक्षा देशाभिमान, भाषाभिमान यांच्या ओळीत बसणारा ‘नगराभिमान’ हा शब्द अधिक मराठी वाटतो.) ही इमारत १९३१ साली पाडण्यात आली, तेव्हा सांगाडा उघडा पडताच तो तपासण्यासाठी जाणकारांची समिती बसली होती. ज्या शहराने आपल्या इमारतीचा दावा तिच्या पाडकामातही पडताळून पाहिला, त्याच्याविषयी लिहिताना आपणही शब्द पारखून घेतलेला बरा.

‘दहा मजली’ या शब्दाबद्दलही थोडे सांगायला हवे. अमेरिकेत जमिनीलगतचा मजला हाच पहिला मोजतात, आपण त्याला तळमजला म्हणतो. मात्र ‘दुमजली’ म्हणताना आपणही तळमजला धरतोच. तेव्हा ‘दहा मजली’ हे वर्णन बरोबर आहे, फक्त तिच्या सर्वांत वरच्या मजल्याला मराठीत ‘नववा मजला’ म्हणावे लागेल. पुढे या इमारतीवर आणखी दोन मजले चढले, म्हणून नंतरच्या वर्षांविषयी लिहिताना ‘बारा मजली’ असे लिहावे.