यादी सरकवताना नको ती ओळ का उघडते?

प्रश्न : मी अँड्रॉइडसाठी लोकलच्या वेळापत्रकाचे ॲप लिहीत आहे. धावत्या गाडीत यादी सरकवताना मध्येच एखादी ओळ उघडते. काय करावे?
— एक वाचक, दादर, मुंबई

उत्तर : बोट टेकताच, म्हणजे ‘ॲक्शन डाऊन’ येताच, आपण ओळ उघडत असावात. त्याऐवजी बोट उचलले जाईपर्यंत थांबावे आणि तोवर ते ‘टच स्लॉप’पेक्षा, म्हणजे स्पर्शात चालणाऱ्या किरकोळ हालचालीच्या मर्यादेपेक्षा (साधारण ८ डीपी; डीपी हे पडद्याच्या घनतेवर न अवलंबणारे लांबीचे एकक), अधिक सरकल्यास ओळ उघडू नये, हा आकडा मात्र अँड्रॉइडच्या ‘व्ह्यूकॉन्फिगरेशन’ या क्लासकडूनच घ्यावा. सरकवणे सुरू होताच यादी स्पर्श स्वतःकडे घेते व ओळीला ‘ॲक्शन कॅन्सल’, म्हणजे स्पर्श रद्द झाल्याचा संदेश, मिळतो. तो हाताळला नाही, तर ओळ दाबलेलीच दिसत राहते. खरे तर ‘ऑनक्लिकलिसनर’ ही क्लिक हाताळण्याची अँड्रॉइडमधील तयार सोय वापरल्यास हे सारे आयतेच मिळते. एका हाताने कडी धरून उभ्या असलेल्या प्रवाशासाठी ओळीची उंची ४८ डीपीहून कमी नसावी.