शेतातला जुना मल्चिंग पेपर बॅक्टेरियाला खाऊ घालून त्याचं कुजणारं प्लास्टिक बनवता येतं का? परभणीजवळ छोटं युनिट टाकायचा विचार आहे, कल्चर कुठं मिळेल?

दादा, आधी कल्चरचंच सांगतो. "प्लास्टिक खाणारं कल्चर" म्हणून कुणी बाटलीत काही विकायलं असेल तर पैसे देऊ नका. मी मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलंय आणि माझा प्रोजेक्ट याच प्लास्टिकवर होता, म्हणजे बॅक्टेरियाच्या पोटातल्या प्लास्टिकवर, म्हणून जरा लांबण लावतो.

बॅक्टेरिया प्लास्टिक बनवतात हे एकदम खरंय आणि नवीन पण नाही, फ्रान्समध्ये लेमॉइन्य नावाच्या शास्त्रज्ञानं 1926 साली बॅसिलस नावाच्या बॅक्टेरियाच्या पेशीत ते शोधलं. त्याला पीएचबी म्हणतात, त्याच्या सगळ्या भाऊबंदांना मिळून पीएचए. आपल्याकडं पूर्वी ज्वारी जास्त झाली की पेवात भरून ठेवायचे ना, तसंच समजा. खायला कार्बन भरपूर, म्हणजे साखर, तेल, काहीही, पण नायट्रोजन नाहीतर फॉस्फरस कमी पडला की पेशीला वाढता येत नाही, मग ती आलेला माल आत दाणे करून साठवते. काही जातींमध्ये सुकवलेल्या पेशीच्या वजनाच्या 80 टक्क्यांपर्यंत हा साठाच असतो. आपण ते पेव फोडायचं आणि माल काढून घ्यायचा, बस्स.

आता टाकाऊ प्लास्टिकपासून हे होतं का? होतं, पण तुकडे टाकले आणि बॅक्टेरियानं चावून खाल्ले असं नाही. आयर्लंडमध्ये डब्लिनच्या विद्यापीठातल्या लोकांनी 2006 मध्ये पॉलिस्टायरीन (थर्माकोल ज्याचा असतो ते) हवा न लागू देता 520 डिग्रीला तापवलं, त्याचं तेल झालं, आणि ते तेल सुडोमोनास पुटिडा नावाच्या बॅक्टेरियाला खाऊ घातलं. 64 ग्रॅम तेलातून 6.4 ग्रॅम पीएचए मिळालं, म्हणजे दहाला एक. तोडायचं काम भट्टीनं केलं, बॅक्टेरिया आला तो नंतर. बाटलीचं प्लास्टिक, पीईटी, त्यातल्या त्यात सोपं कारण त्याच्या साखळीत एस्टर नावाचे रासायनिक जोड असतात, ते एन्झाइमनं (बॅक्टेरियाचा पाचक रस समजा) तुटतात. 2016 ला जपानच्या साकाई शहरात बाटल्या रिसायकल होतात तिथल्या नमुन्यांतून जो बॅक्टेरिया सापडला म्हणून पेपरला आलं होतं तो हाच प्रकार, पण त्यालाही पातळ फिल्म संपवायला 30 डिग्रीला सहा आठवडे लागले, आणि बाटलीचं पीईटी त्या फिल्मपेक्षा घट्ट असतं.

तुमचा मल्चिंग पेपर म्हणजे पॉलिथिन, इथंच गाडी अडते. त्यात सगळे कार्बन-कार्बनचे जोड, एन्झाइमला धरायला जागाच नाही. तापवून मेण-तेल करून सुडोमोनासला दिल्याचे प्रयोग झालेत, पण ते लॅबमध्ये, स्वच्छ मालावर. तुमच्या मालाला चिखल, मुळ्या, फवारणीचं औषध, उन्हानं भुगा झालेला. आधी धुवायला किती पाणी लागेल बघा, आणि पाणी आपल्याकडं मे महिन्यात कुठून आणणार? त्यात पीव्हीसीचा तुकडा गेला तर भट्टीतून ॲसिडचा धूर निघतो. ठिबकच्या जुन्या नळ्या मात्र यात घालूच नका, त्या भंगारवाला घेतो आणि त्याच्या परत नळ्याच होतात, चांगला माल कशाला जाळायचा.

दुसरं टोक म्हणजे प्लास्टिक पेशीतून बाहेर काढणं, त्याच्याबद्दल कुणी बोलतच नाही. आम्ही साखर कारखान्याच्या सांडपाण्याच्या नालीतली माती आणून बॅसिलस काढला होता, सुदान ब्लॅक नावाचा रंग टाकला की बॅक्टेरियाच्या ज्या कॉलनीत (ठिपक्यात) माल असतो ती काळी-निळी पडते, ते बघून फार भारी वाटलं होतं. मग मळीवर (साखर काढून उरलेला काळा पाक) वाढवलं, शेकरवर, म्हणजे हलवत ठेवणाऱ्या मशीनवर, ठेवलं आणि दुसऱ्या रात्री लाइट गेली ती सकाळीच आली, कॉलेजचं जनरेटर होतं पण त्यात डिझेल नव्हतं, सगळी बॅच आंबून वास मारायली. परत केलं. हायपोक्लोराइटनं (ब्लीचच्या पाण्यानं) पेशी फोडल्या, क्लोरोफॉर्ममध्ये माल विरघळवला, प्लेटमध्ये ओतून सुकवला. हातात आला तो उडदाच्या पापडापेक्षा पातळ तुकडा, वाकवला की कट्कन मोडला (पीएचबी असंच ठिसूळ असतं, त्याच्या साखळीत व्हॅलरेट नावाचा दुसरा घटक मिसळला की जरा लवचिक होतं). आणि क्लोरोफॉर्मचं बिल बघून सर जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. 1990 च्या सुमारास जर्मनीत या प्लास्टिकच्या शाम्पूच्या बाटल्या खरंच बाजारात आल्या होत्या, पण साध्या प्लास्टिकसमोर भावात टिकल्या नाहीत.

मला विचाराल तर बॅक्टेरिया धरा, पण मल्चिंग पेपर सोडा, मळी धरा. आपल्याकडं लातूर, बीड, धाराशिव सगळीकडं कारखाने, ब्राझीलमध्ये साखर कारखान्याला जोडूनच उसाच्या साखरेवर पीएचबीचा पायलट प्लांट चालवला होता. शिवाय पीएचए साध्या मातीत कुजतं, पीएलए नावाच्या दुसऱ्या कुजणाऱ्या प्लास्टिकला त्यासाठी कंपोस्टचं 60 डिग्रीच्या आसपासचं तापमान लागतं, म्हणून "कुजणारा" छापलेला पेपर घेताना कशाचा आहे ते विचारा. लोणारच्या खाऱ्या पाण्यातून सुद्धा पुण्याच्या आघारकर संस्थेनं पीएचए बनवणारा हॅलोमोनास नावाचा बॅक्टेरिया काढलाय, आणि लोणार तर आपल्या जालन्याच्या शिवेपलीकडंच.

तरी हे गावात शेडमध्ये करायचं काम नाही, फर्मेंटर (बॅक्टेरिया वाढवायची बंद टाकी), स्टीम, चोवीस तास लाइट लागते. घरात कुणी मायक्रोला असेल तर त्याला प्रोजेक्ट म्हणून करू द्या. माती कारखान्याच्या नालीच्या कडेची घ्या, मधली नको, आणि जुनी चप्पल घालून जा, मळीचा चिखल निघत नाही.