लग्न पाच आठवड्यांवर आलंय, आता पील करू का?

प्र. मुलीचं लग्न पाच आठवड्यांवर आलं आहे. माझं वय ४९. पार्लरमध्ये सांगतात, ग्लायकोलिक पीलची तीन सिटिंग घेतली की चेहरा एकदम तरुण दिसेल. घेऊ का? (वाचक, नाशिक)

नको. पील वाईट नाही, पण वेळ चुकीची आहे. ग्लायकोलिक ॲसिड त्वचेच्या वरच्या थरातल्या मृत पेशींची पकड सैल करतं. त्या गळून पडतात आणि खालची त्वचा नितळ दिसते. पण ॲसिड जरा जास्त वेळ राहिलं किंवा एखाद्या जागी खोल शिरलं की दाह होतो, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत दाह शमला तरी मागे काळा डाग राहतो. तो एकदा आला की महिनोन् महिने हलत नाही. शिवाय दोन सिटिंगमध्ये दोन-तीन आठवडे जायला हवेत. म्हणजे तुमचं तिसरं सिटिंग अक्षतांच्या दिवशीच येणार!

लग्नानंतर करावंसं वाटलं तर त्वचारोगतज्ज्ञांकडे करा, आणि तिथे काय घडायला हवं ते आधीच माहीत करून घ्या. रेटिनॉलची (व्हिटॅमिन एच्या एका प्रकाराची) क्रीम लावत असाल तर आठवडाभर आधी बंद. पहिल्या वेळी ॲसिड २० ते ३० टक्के, त्याहून कडक नको. आधी चेहऱ्याचा तेलकटपणा बोळ्याने नीट पुसून काढतात. ही पायरी घाईत, कशीतरी केली की तेलकट जागी ॲसिड कमी शिरतं, कोरड्या जागी जास्त, आणि पुढे चेहऱ्यावर पट्टे उमटतात. नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे नि डोळ्यांचे कोपरे यांना व्हॅसलीन लावायचं. मग घड्याळ लावून ॲसिड. पहिल्यांदा एक ते तीन मिनिटं पुरे. त्यानंतर खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाने ते निष्प्रभ करतात. थोडं चुरचुरणारच, पण कुठे पांढरट थर दिसू लागला तर वेळ शिल्लक असली तरी त्या क्षणी थांबवायला हवं. ज्या खोलीत घड्याळ नाही आणि सोड्याचं द्रावण आधीपासून तयार नाही, तिथून सरळ उठून या.

सध्या सनस्क्रीन आणि दोन वेळा मॉइश्चरायझर एवढंच करा. साधं फेशियल हवं असेल तर लग्नाच्या आठवडाभर आधी, आदल्या दिवशी नाही. फेशियलची टवटवी म्हणजे मसाजने वाढलेलं रक्ताभिसरण आणि त्वचेत मुरलेला ओलावा. ती दोन-तीन दिवस टिकते, सुरकुतीला हात लावत नाही. ब्लीच तर फक्त लव सोनेरी करतं. त्यातल्या पेरॉक्साइड आणि अमोनियाने चेहरा पोळला तर मेकअपखालीही लपत नाही.

प्र. वय ३८. रात्री रेटिनॉल, सकाळी व्हिटॅमिन सी आणि एक ॲसिड टोनर असं तीन आठवडे लावते आहे. तोंडाभोवती सालं निघतात, साधं पाणी लागलं तरी आग होते. रेटिनॉल मला चालत नाही का? (वाचक, पुणे)

चालेल. तुम्ही तीन आठवड्यांत तीन महिन्यांचं काम काढायला निघालात, एवढंच. पाण्याने आग होते याचा अर्थ त्वचेचं वरचं संरक्षक अस्तर विरलं आहे. आधी सगळं बंद करा. दोन ते तीन आठवडे फक्त सौम्य फेसवॉश, साधं बिनसुगंधी मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन. मुलतानी माती, बेसन, लिंबू, दह्याचा लेप यांतलं काहीही मध्ये आणू नका. लिंबू तर कधीच नको. त्याचा रस लावून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे चट्टे उठतात.

आग थांबली, सालं गेली, की परत सुरुवात, पण अशी: रात्री चेहरा धुवा, टिपून घ्या, दहा-पंधरा मिनिटं पूर्ण सुकू द्या. ओल्या त्वचेत औषध जास्त शिरतं आणि जास्त झोंबतं. नाकपुडीची वळी, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांच्या कडा यांवर व्हॅसलीनचं बोट फिरवा (तुमची सालं नेमकी तोंडाभोवतीच निघतात ना?). मॉइश्चरायझरचा पातळ हात मारा. मग रेटिनॉल, मटारच्या एका दाण्याएवढं, पूर्ण चेहऱ्याला मिळून. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी असे ठिपके देऊन पसरवा. वरून पुन्हा मॉइश्चरायझर. पहिले दोन-तीन आठवडे आठवड्यातून दोनच रात्री, सोमवार-गुरुवार असं ठरवून टाका. निभलं तर एक दिवसाआड. दाणा मोठा केल्याने गुण लवकर येत नाही, फक्त सालं लवकर निघतात.

रेटिनॉल त्वचेत गेल्यावर दोन टप्प्यांत बदलून रेटिनॉइक ॲसिड होतं, आणि खरं काम ते करतं. म्हणून रेटिनॉल सौम्य आणि संथ. ट्रेटिनॉइन म्हणजे थेट रेटिनॉइक ॲसिडच. ते ०.०२५ टक्क्यापासून आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच सुरू करावं. दोन्हींचा परिणाम आरशात दिसायला किमान १२ आठवडे जातात. बारीक रेषा आणि खडबडीतपणा कमी होतो, लोंबलेली त्वचा वर चढत नाही. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर दोन्ही बंद.

ॲसिड टोनर कपाटात ठेवून द्या. व्हिटॅमिन सी महिन्याभराने सकाळी सुरू करायला हरकत नाही, पण बाटली बघा. पाण्यासारखं किंवा फिकट पिवळं असलेलं सीरम गडद नारिंगी-तपकिरी झालं असेल तर ते हवेने बिघडलं आहे, महाग होतं म्हणून संपवत बसू नका.

प्र. मी दिवसभर गाडीत असतो, उन्हात जात नाही. सनस्क्रीन कशाला? (वाचक, नागपूर)

काच उन्हातले यूव्ही-बी किरण बऱ्यापैकी अडवते, यूव्ही-ए नाही, आणि सुरकुत्यांचं मोठं श्रेय या दुसऱ्याचं. २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो आला होता. २८ वर्षं ट्रक चालवून त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची, म्हणजे डावी बाजू जाड आणि सुरकुतलेली, उजवी मात्र बरीच बरी. आपल्याकडे चालकाची खिडकी उजवीकडे, त्यामुळे उजवा गाल आणि उजवा हात आरशात तपासा.

एसपीएफ ३० किंवा जास्त आणि पीए+++ (यूव्ही-ए अडवण्याचं माप) असलेलं घ्या. तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत दोन रेघा काढा, तेवढं चेहरा नि मानेला लागतं. या मापाने रोज दोनदा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब तीन आठवड्यांत संपते. तुमची चार महिने पुरली तर ती लावली म्हणणं धाडसाचं आहे.

प्र. वय ४६. गालांवर वांग होते. मेडिकलमधून आणलेल्या क्रीमने पंधरा दिवसांत साफ गेले. वर्षभर लावतेय. आता चेहरा लाल राहतो, उन्हात आग होते, गालावर लव वाढली आहे आणि एक दिवस क्रीम चुकली तर पुरळ उठतं. (वाचक, कोल्हापूर)

ट्यूब उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा. मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव सापडण्याची दाट शक्यता आहे. ही स्टेरॉइडं. तुम्ही सांगितलेली चारही लक्षणं त्यांच्या अतिवापराची आहेत. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड हे त्रिकूट वांगांवर खरंच गुणकारी आहे. क्लिगमन आणि विलिस या त्वचारोगतज्ज्ञांनी ते १९७५ मध्ये मांडलं. पण ते थोड्या आठवड्यांसाठी आणि देखरेखीखाली वापरायचं औषध आहे, गोरेपणाची क्रीम नव्हे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी काउंटरवर ती सर्रास मिळतात.

एकदम बंद करू नका, चेहरा भडकून उठेल. त्वचारोगतज्ज्ञ ती कमी करत आणतील, मध्ये स्टेरॉइड नसलेलं मलम देतील. काही महिने लागतील आणि त्यातले पहिले काही आठवडे चेहरा आत्तापेक्षा वाईट दिसेल. नेमक्या त्याच आठवड्यांत बहुतेकजणी पुन्हा जुन्या ट्यूबकडे वळतात.

वांगांना एक वेगळी गोष्ट लागू आहे. ते नुसत्या यूव्हीने नाही, साध्या दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतात. पांढरं सनस्क्रीन तिथे अपुरं पडतं. आयर्न ऑक्साइड घातलेलं, त्वचेच्या रंगाचं टिंटेड सनस्क्रीन घ्या. ट्रॅनेक्झामिक ॲसिडच्या गोळ्या कुणी सुचवल्या तर घरात किंवा स्वतःला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झाला आहे का, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना आपणहून सांगा. आणि बिननावाच्या डबीतली क्रीम तर अजिबात नको. अशा क्रीममध्ये पारा सापडतो, आणि तो मूत्रपिंडांना भोवतो.

प्र. दोन भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्स घ्यायचं आहे. काय विचारावं? (वाचक, ठाणे)

‘किती युनिट?’ हे. त्या जागेसाठी बोटॉक्सची नेहमीची मात्रा २० युनिट असते. ‘एका सिटिंगचे इतके’ असा भाव सांगणारे औषध किती पातळ करतात ते कळत नाही, म्हणून बाटली तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि युनिट कागदावर लिहून घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांची युनिट सारखी नसतात, तेव्हा आकड्यांची तुलना करताना नाव बघा. परिणाम तीन-पाच दिवसांत सुरू होऊन दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि तीन-चार महिने टिकतो. टोचून घेतल्यावर चार तास कपाळ चोळायचं नाही, नाहीतर औषध पसरून पापणी लोंबू शकते.

फिलर, म्हणजे त्वचेखाली भराव म्हणून टोचतात ते, हे वेगळं प्रकरण आहे. ते चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा मरते, क्वचित दृष्टीही जाते. ‘हायलुरोनिडेज जवळ ठेवलंय का?’ असा प्रश्न आधी विचारा. ते हायलुरोनिक ॲसिडचं फिलर विरघळवणारं औषध आहे. उत्तरात चुळबुळ झाली तर पर्स उचला.

प्र. टिकली लावते तिथेच पांढरा ठिपका पडला आहे. कोड असेल का? (वाचक, सोलापूर)

बहुधा टिकलीचा गोंद. काही गोंदांमधल्या पॅरा-टर्शरी-ब्युटाइल-फिनॉल या रसायनाने रंगपेशी मरतात. टिकली आजच बंद करा. ठिपका वाढला किंवा दुसरीकडे उमटला तर लगेच दाखवा. एरवी रंग परतायला काही महिने लागतात, कधी मलमाची मदत लागते. कपाळ रिकामं नको असेल तर आजीच्या पद्धतीने मेणावर कुंकू लावा, पण त्या जागेवर नको, आणि कुंकूही आधी कोपराच्या आतल्या बाजूला चार दिवस लावून बघा. काही कुंकवांच्या रंगांनी उलट काळा डाग पडतो.