प्रमाणपत्र संस्थेचे, परवाना डीजीसीएचा

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेत आहे आणि तिला विमानांच्या देखभालीच्या क्षेत्रात जायचे आहे. एका संस्थेच्या प्रतिनिधीने घरी येऊन सांगितले, की त्यांचा अभ्यासक्रम पूर्ण होताच एएमईचा, म्हणजे विमान देखभाल अभियंत्याचा, परवाना आणि विमान कंपनीत नोकरी नक्की मिळते. शुल्क काही लाखांचे असल्याने कर्ज काढावे लागेल. हे कितपत खरे मानावे? आणि मुलीला हे काम झेपेल का?
– एक पालक, बार्शी

उत्तर : अभ्यासक्रम खरा असू शकेल, ‘नक्की’ हा शब्द मात्र त्या प्रतिनिधीने स्वतःच्या पदरचा घातला आहे. विमान देखभाल अभियंत्याचा परवाना भारतात केवळ नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, देते. संस्थेकडून मिळते ते अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र. या दोन कागदांमधला फरक विमानाजवळ उभे राहिल्यावर नीट कळतो. दुरुस्ती झाल्यानंतर विमान सेवेत सोडण्यास योग्य आहे, असे टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, लिहून त्याखाली जी सही होते, ती परवानाधारकाचीच लागते. परवाना नसलेला माणूस कितीही कसबी असला, तरी तो तंत्रज्ञ म्हणूनच काम करतो आणि त्याचा पगारही त्याच हिशेबाने ठरतो.

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तिन्ही विषय असल्यास तिला हा मार्ग मोकळा आहे. मोठ्या जेट विमानांसाठी प्रामुख्याने दोन वर्ग असतात : इंजिन, सांगाडा, लँडिंग गिअर, हायड्रॉलिक्स अशा यांत्रिक बाजूसाठी ‘बी1.1’ आणि दळणवळण, दिशादर्शन, ऑटोपायलट यांसारख्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांसाठी, म्हणजे एव्हिऑनिक्ससाठी, ‘बी2’. दोन्हींच्या परीक्षा विषयवार, म्हणजे मॉड्यूलनुसार होतात आणि प्रत्येक मॉड्यूलला उत्तीर्ण होण्यासाठी 75 टक्के गुण लागतात. पस्तीस टक्क्यांवर पास होण्याची सवय असलेल्या आपल्या मुलांना पहिला हिसका इथेच बसतो. मीही डिजिटल तंत्राच्या पेपरात पहिल्या खेपेस घसरलो होतो. परीक्षांच्या जोडीला चालत्या विमानांवरील प्रत्यक्ष कामाचा अनुभव लॉगबुकमध्ये नोंदवावा लागतो. सीएआर-147, म्हणजे डीजीसीएच्या प्रशिक्षण संस्थांसाठीच्या नियमांखाली, मान्यता असलेल्या संस्थेत शिकल्यास हा अनुभव कमी वर्षांचा चालतो, आणि अशा संस्थेचा खरा फायदा तोच आहे.

म्हणून कर्जाच्या कागदांवर सही करण्यापूर्वी दोन गोष्टी स्वतः तपासाव्यात. संस्थेचे नाव डीजीसीएच्या संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त यादीत आहे का आणि मान्यता नेमक्या कोणत्या वर्गासाठी आहे, हे आधी पाहावे, कारण ‘बी1.2’ हा वर्ग पिस्टन इंजिनाच्या विमानांचा आहे, आणि प्रवासी जेटवर त्याचा उपयोग नाही. त्यानंतर प्रात्यक्षिकाचे काम सीएआर-145 या देखभाल केंद्रांसाठीच्या नियमांखाली मान्यता असलेल्या कोणत्या केंद्रात होणार, याचा लेखी करार दाखवण्यास सांगावे. आवारात ठेवलेल्या, कधीही न उडणाऱ्या विमानाकडे बोट दाखवून कोणी वेळ मारून नेत असेल, तर तिथून उठावे.

परवाना हाती आल्यावरही प्रवास संपत नाही. एअरबस ए320 किंवा बोइंग 737 यांसारख्या विमानावर सही करायची असेल, तर त्या प्रकाराचे आणि त्यावरील इंजिनाचे स्वतंत्र प्रशिक्षण, म्हणजे टाइप रेटिंग, परवान्यावर नोंदवून घ्यावे लागते आणि त्यानंतर कंपनी आपले अधिकारपत्र देते. घराचा अर्थसंकल्प मांडताना हा काळही मोजावा, कारण परवाना असून टाइप रेटिंग नसलेल्यांची रांगही बरीच लांब असते.

आता ‘झेपेल का’ याविषयी. या कामाला ताकदीपेक्षा शिस्त अधिक लागते. आमच्या हत्यारांच्या ट्रॉलीत प्रत्येक पान्याच्या आकाराचा खाचा फोममध्ये कापलेला असतो. पाळी संपताना एक जरी खाचा रिकामा दिसला, तरी तो पाना सापडेपर्यंत विमान सोडले जात नाही. मध्यरात्री, पावसात, टॉर्चच्या उजेडात हा शोध घ्यावा लागतो आणि त्या वेळी कंटाळा येऊन चालत नाही. ‘ह्युमन फॅक्टर्स’ या मानवी चुकांविषयीच्या मॉड्यूलमध्ये 10 जून 1990 च्या ब्रिटिश एअरवेजच्या अपघाताचे उदाहरण हमखास शिकवले जाते. रात्रपाळीत विंडस्क्रीन बदलताना बोल्ट जुन्या बोल्टशी नजरेने जुळवून घेतले गेले. 90 पैकी 84 बोल्टांचा व्यास साधारण 0.66 मिलिमीटरने कमी होता. दुसऱ्या दिवशी उड्डाणात काच निखळली आणि कप्तान अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवले म्हणून तो वाचला. भागांची यादी उघडून क्रमांक ताडून पाहण्याची चिकाटी ज्या मुलीत आहे, तिला हे काम निश्चित जमेल. रात्रपाळी आणि सणावाराच्या सुट्ट्यांवर पाणी सोडणे मात्र मुलगा असो वा मुलगी, कोणाला चुकत नाही.

प्रश्न : मी यांत्रिकी अभियांत्रिकीची पदविका पूर्ण केली आहे. एअरोनॉटिकलची पदवी घेतल्यास एएमईचा परवाना आपोआप मिळेल का?
– एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : नाही. पदवीचा ओढा विमानाच्या रचनेकडे आणि संशोधनाकडे असतो; सही करण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. तीन वर्षांच्या पदविकेवर एएमई अभ्यासक्रमाला प्रवेश घेता येतो, त्यामुळे हँगरमध्येच काम करायचे असेल, तर पदवीची वर्षे त्यासाठी घालवण्याचे कारण नाही. आपण नागपूरला राहता, तेव्हा मिहानमधील देखभाल केंद्रांत काम करणाऱ्या एखाद्या तंत्रज्ञाची भेट घेऊन, तिथे सध्या कोणत्या विमानांचे आणि कोणत्या वर्गाचे परवानाधारक लागतात, हे प्रवेशाआधीच विचारून घ्यावे, म्हणजे ‘बी1.1’ की ‘बी2’ याचा निर्णय त्या उत्तरावरून करणे सोपे जाईल.