डिझेलची सात आसनी गाडी आणि मुलीची एफडी

प्रश्न : सांगलीत माझं हार्डवेअरचं दुकान आहे. घरात आईवडील धरून सहा माणसं; आईवडिलांना उंच गाडी चढा-उतरायला सोपी. २२ लाखांची डिझेल सात आसनी गाडी मनात आहे. पेट्रोलची साडेवीसला पडते. महिन्याला ९०० किलोमीटर फिरणं, बहुतेक गावातच. सहा लाख दहावीतल्या मुलीच्या एफडीतून, बाकी कर्ज. दुकानाच्या नावावर घेतली तर जीएसटी परत मिळेल आणि २०२७च्या मायलेज-नियमांनी गाड्या महागतील, असं शोरूमवाले म्हणतात. घेऊ का?

उत्तर : आधी जीएसटीचं. तो परत मिळणार नाही. तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीवरचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी वळता करून घेण्याची सोय, कायद्यानेच अडवलंय. गाड्यांची विक्री, प्रवासी वाहतूक किंवा ड्रायव्हिंग स्कूल असा धंदा असेल तरच मिळतं. सप्टेंबर २०२५मध्ये मोठ्या एसयूव्हीवरचा कर ५० वरून ४० टक्क्यांवर आला हे खरं, पण ते ४० टक्के तुमच्याच खिशातले.

आता डिझेल. किमतीत दीड लाखाचा फरक, शिवाय आरटीओचा कर महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के, डिझेलला १५. म्हणजे आणखी ६३,५००. रस्त्यावरचं ॲव्हरेज पेट्रोलला १० आणि डिझेलला साडेतेरा, दर १०४ आणि ९१ धरले, तर तुमच्या फिरण्यात वर्षाला साडेएकोणचाळीस हजार वाचतात. जास्तीचे पैसे वसूल व्हायलाच साडेपाच वर्षं, व्याज न धरता. त्यात बीएस-६ (सध्याच्या प्रदूषण-नियमांच्या) डिझेलच्या धुराड्यातला फिल्टर साफ व्हायला हायवेवरची सलग धाव लागते. दुकान ते घर अशा फेऱ्यांत तो तुंबतो.

२०२७ची भीती बाळगू नका. हे मायलेजचे नियम, ज्यांना कॅफे म्हणतात, कंपनीने विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या सरासरीला लागतात, एकेका गाडीला नाही. वजनदार गाड्या विकणाऱ्या कंपनीला मर्यादाही सैल असते. किंमत चढलीच, तरी तेवढ्यासाठी एफडी मोडू नका.

मला खरी काळजी त्या एफडीचीच आहे. विमा धरून गाडी २६ लाखांवर जाईल. वीस लाखांचं कर्ज, ९ टक्के, सात वर्षं : हप्ता ३२ हजार. बारावीनंतरची फी नेमकी त्याच काळात येणार.

आईवडिलांना उंच गाडी चढा-उतरायला सोपी, हे मला पटतं. पण चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर जीएसटी १८ टक्केच आहे, आणि त्यातही उंच बैठकीच्या गाड्या मिळतात. ती घ्या. पंढरपूर, कोकण असे सगळे मिळून निघाल की सात आसनी गाडी भाड्याने सांगा. वर्षातून किती वेळा सांगावी लागते, ते दोन वर्षं वहीत लिहा आणि मग मला पुन्हा विचारा.