इजिप्तमध्ये मुस्लीम ब्रदरहूड ही इस्लामी राजकारण करणारी संघटना निवडून आल्यामुळेच लष्कराला सत्ता हातात घ्यावी लागली, हे खरं आहे का?

नाही. लष्कर गेलंच नव्हतं, तर परत कुठून येणार? १९५२पासून नगीब, नासर, सादात, मुबारक, हे सगळे अध्यक्ष वर्दीतले. फेब्रुवारी २०११मध्ये लोकांच्या उठावामुळे मुबारक पायउतार झाले तेव्हा सत्ता काहिराच्या तहरीर चौकात आंदोलन करणाऱ्या पोरांना मिळाली नाही, ती फील्ड मार्शल तंतावींच्या लष्करी परिषदेकडे गेली. जून २०१२मध्ये अध्यक्षपदाच्या शेवटच्या फेरीला दोन दिवस असताना घटना न्यायालयाने निवडून आलेलं सभागृह बरखास्त केलं. मतदान संपतंय न संपतंय तोच परिषदेने फर्मान काढून कायदे करायचा अधिकार स्वतःकडे घेतला. ती फेरी जिंकून अध्यक्ष झालेल्या ब्रदरहूडच्या मोर्सींच्या हातात काय आलं, ते तुम्हीच ठरवा.

मी त्या काळात काहिराबाहेर सहा ऑक्टोबर शहरातल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. आमचा अकाउंटंट पहिल्या फेरीत सबाहींचा, म्हणजे नासरवादी उमेदवाराचा माणूस. शेवटच्या फेरीत उरले मोर्सी आणि मुबारकांचे शेवटचे पंतप्रधान शफीक. पठ्ठ्याने मोर्सींना मत दिलं, 'वर लिंबू पिळून' म्हणाला. घशाखाली उतरावं म्हणून! तेव्हा तिकडे असे लिंबूवाले खूप होते. मोर्सी जिंकले ते ५१.७ टक्क्यांवर, त्यात या लिंबांचा वाटा मोठा.

नोव्हेंबरमध्ये मोर्सींनी स्वतःचे निर्णय न्यायालयांच्या कक्षेबाहेर काढले आणि आमचा अकाउंटंट पेटला. त्यात पुढच्या उन्हाळ्यात पेट्रोलच्या रांगा, रोज वीज गुल. मोर्सींनी पायउतार व्हावं म्हणून चाललेल्या 'तमर्रुद' या सह्यांच्या मोहिमेचे अर्ज घेऊन तो शॉपफ्लोअरवर सह्या गोळा करत फिरायचा. आमचा स्टोअरकीपर ब्रदरहूडचा. रोज सकाळी दोघं एकाच ताटात 'फूल' (शिजवलेल्या बाकल्याच्या शेंगदाण्यांची उसळ) आणि तामिया (त्याच दाण्यांचे वडे) खायचे, ते बंद झालं. ३० जूनला अकाउंटंट तहरीरला गेला, लष्कराच्या हेलिकॉप्टरने वरून टाकलेला झेंडा घेऊन आला. ३ जुलैला लष्करप्रमुख सिसींनी मोर्सींना हटवलं, तर याने ऑफिसात बसबूसा (रव्याची मिठाई) वाटला. मी म्हटलं, "अरे, तीन वर्षं थांबला असतास. मतपेटीतच पाडला असतास." तर म्हणे, "बाशमोहंदिस (इंजिनिअरसाहेब), तीन वर्षांत हे देश गिळतील."

१४ ऑगस्टला काहिरातल्या रबाच्या चौकात ठाण मांडून बसलेल्या मोर्सी समर्थकांवर गोळ्या चालल्या. ह्यूमन राइट्स वॉचच्या मोजणीनुसार किमान ८१७ माणसं एका दिवसात गेली. ज्या अल-बारदाईंना उदारमतवाद्यांचा चेहरा म्हणून उपाध्यक्ष केलं होतं, त्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. स्टोअरकीपर त्यानंतर कामावर आला नाही. काही आठवड्यांनी हिशेब घ्यायला आला. अकाउंटंटने वर न बघता पैसे मोजून दिले. नोव्हेंबरात निदर्शनांविरुद्धचा कायदा आला आणि एका छोट्या मोर्चातून पोलिसांनी अकाउंटंटच्याच धाकट्या भावाला उचललं. तो पोरगा २०११पासून दोघांच्याही विरोधात होता, लष्कराच्या आणि ब्रदरहूडच्या.

ब्रदरहूडबद्दल मला तिळभर प्रेम नाही. सिसींना संरक्षणमंत्री कुणी केलं? मोर्सींनीच. त्यांच्या २०१२च्या घटनेत संरक्षणमंत्री लष्करी अधिकारीच हवा, लष्कराचं बजेट संसदेबाहेरच्या परिषदेत आणि सामान्य नागरिकांवर लष्करी न्यायालयात खटला, हे तिन्ही लिहिलेलं होतं. सेनापतींना खूश ठेवलं की आपल्याला राज्य करू देतील, असा हिशेब. मूर्खपणा आणि माज एकत्र.

आता हे मी इतकं का लिहितोय? माझे एक साडू आहेत. दर लग्नाकार्यात जेवणं झाली की त्यांचं सुरू होतं, "आपल्याकडेही पाच वर्षं मिलिटरी आणा, सगळे सुतासारखे सरळ होतील." पिरॅमिड बघून आल्यापासून तर इजिप्तचे पूल आणि नवी राजधानी दाखवतात. पाच वर्षं? सिसी २०१४ला जवळपास ९७ टक्के मतांनी 'निवडून' आले आणि २०१९ला घटना बदलून २०३०पर्यंतची सोय करून बसले. शिस्तीचं म्हणाल, तर मी होतो तेव्हा डॉलरला सातच्या आसपास गिनी (इजिप्शियन पाउंड) पडायचे, मार्च २०२४मध्ये पन्नासच्या घरात गेले. पूल आहेतच हो. पण तो बांधायचा की नाही, हे विचारायला तिथे कुणी उरलेलं नाही. साडूंना हा मुद्दा गेल्या दिवाळीत सांगितला, तर म्हणाले, "तू फार नकारात्मक आहेस."

एक राहिलं. मोर्सींच्या वर्षात कॉप्ट ख्रिश्चन आणि शिया खरोखर घाबरलेले होते. जून २०१३मध्ये गिझाजवळच्या एका गावात जमावाने चार शियांना ठेचून मारलं. त्यामुळे बसबूसा वाटणाऱ्यांना सरसकट बावळट म्हणवत नाही. आणि 'ट्युनिशियात लोकशाही जमली की' असं कुणी लिहायच्या आत सांगतो, तिथेही २०२१मध्ये अध्यक्षांनी संसद गोठवली. वर्दी नसतानाही.